वसईची चर्चवास्तू आणि भीमाशंकरची घंटा : धर्मवास्तूच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

सारांश

सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी वसई येथे चर्च, मठ व विद्यालये यांची मोठी वास्तुपरंपरा उभी केली. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर येथील काही घंटा महाराष्ट्रातील देवस्थानांत गेल्या. आंबेगाव-खेड तालुक्यांच्या सीमेवरील भीमाशंकरची घंटा ही त्यांपैकी एक होय. मराठी इतिहासलेखनात ही घंटा विजयाचे चिन्ह म्हणून येते, तर ज्या वास्तूंसाठी ती ओतली गेली त्या वास्तूंचा बांधणीइतिहास परकीयांचा म्हणून बाजूला राहतो. या वास्तूंची उभारणी, त्यांवरील लेख, जुन्नरच्या लेण्यांतील दानलेख व चीनमधील चर्चबांधणी यांच्या तुलनेने या दृष्टीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : वसई, चर्चवास्तू, भीमाशंकर, जुन्नर लेणी, ख्रिस्तपुराण, इतिहासलेखन.

१. प्रस्तावना

मंचर-घोडेगाव मार्गाने भीमाशंकरला जाणारा यात्रेकरू आंबेगाव तालुका ओलांडून खेड तालुक्याच्या हद्दीत पोहोचतो. ज्योतिर्लिंगाच्या मंदिरापुढे शनिमंदिराजवळ असलेली मोठी घंटा त्याचे लक्ष वेधून घेते. नेहमीच्या देवळातील घंटेपेक्षा तिचा आकार व घडण वेगळी आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर ती देवाला अर्पण केली, ही परंपरा या परिसरात सर्वश्रुत आहे. मात्र ही घंटा वसईच्या कोणत्या मनोऱ्यात होती, तो मनोरा कोणी बांधला, त्यासाठी पैसा व दगड कोठून आला, हे प्रश्न या परंपरेत येत नाहीत. स्थानिक परंपरेने ते विचारावेत अशी अपेक्षा नाही. परंतु अभ्यासकांच्या लेखनातही ते क्वचितच येतात, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे.

वसई आणि जुन्नर-आंबेगाव हा परिसर एकमेकांना परका नाही. सातवाहनकाळापासून जुन्नरचा व्यापारी मार्ग नाणेघाट उतरून कल्याण व सोपारा या बंदरांकडे जात असे. त्यांपैकी सोपारा आजच्या वसई तालुक्यातच आहे. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील इंग्रज शल्यवैद्य जॉन फ्रायर याने १६७० च्या दशकात वसई पाहिली आणि त्याच दशकात घाट चढून तो जुन्नरलाही आला. जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या घरी उपचारासाठी त्याला पाचारण केले होते. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात वसईची सहा चर्चे, चार मठ व दोन विद्यालये यांची नोंद आहे आणि शिवनेरीच्या पायथ्याच्या जुन्नरचेही वर्णन आहे. हे दोन्ही प्रदेश एकाच प्रवासाच्या टप्प्यात येत होते, याची ही साक्ष आहे. म्हणून वसईच्या वास्तूंकडे जुन्नरच्या बाजूने पाहणे ही केवळ कल्पना ठरत नाही.

२. उभारणीची पार्श्वभूमी : सत्ता, महसूल आणि दगड

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई व तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. १५३६ पासून तेथे तटबंदीचे काम सुरू झाले. किल्ल्याच्या पाठोपाठ चर्चची उभारणी सुरू झाली. फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो हे या प्रारंभकाळातील प्रमुख नाव होय. त्यानंतर जेझुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांनी किल्ल्याच्या आत आपापले मठ व चर्च बांधली. सेंट फ्रान्सिस झेवियर यांनी या काळात वसईला भेट दिली होती. शंभर वर्षांच्या आत एका मर्यादित तटबंदीत इतक्या धर्मसंघांच्या वास्तू उभ्या राहिल्या, याचा अर्थ या नगरीला लष्करी ठाण्याइतकेच धार्मिक ठाण्याचेही स्वरूप आले होते.

ही उभारणी केवळ धर्मप्रसारकांच्या श्रद्धेवर झाली नाही. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून पूर्वेकडील प्रदेशात चर्चच्या संरक्षणाचे व व्यवस्थेचे अधिकार मिळाले होते. त्यामुळे चर्च बांधणे हे राजाचे कर्तव्यही होते आणि राज्यविस्ताराचे साधनही. तिसरा जॉन या राजाने १५४६ मध्ये गोव्यातील गव्हर्नर जुआंव दी कास्त्रो याला पाठवलेल्या पत्रात मूर्तिपूजेला पायबंद घालण्याबरोबरच चर्चबांधणीची आज्ञा आहे. वसई परिसरात पूर्वी मशिदींकडे जाणारे उत्पन्न धर्मप्रसाराच्या कार्याकडे वळवण्यात आले. म्हणजे एका धर्माच्या वास्तूंना आधार देणारा महसूल दुसऱ्या धर्माच्या वास्तूंचा आधार झाला. या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून केवळ वास्तुसौंदर्याचे वर्णन करणारे लेखन अपुरे ठरते.

बोरिवलीजवळील मंडपेश्वर हे याचे अधिक ठळक उदाहरण होय. येथील शैव लेण्याचा ताबा घेऊन आंतोनियो दो पोर्तो यांनी तेथे चर्च स्थापन केले आणि लेण्याच्या वर मोठी इमारत उभी राहिली. नटराजाचे शिल्प असलेल्या या लेण्याच्या भिंतीवर क्रूस कोरलेला दिसतो. लेण्याचा दगड तोच राहिला, पूजाविधी मात्र बदलला.

दुसरीकडे, या वास्तूंचे द्रव्य पूर्णतः स्थानिक होते. राजाज्ञा लिस्बनहून आली, आराखड्याची परंपरा युरोपातून आली. परंतु दगड, चुना, लाकूड व श्रम येथीलच होते. वसईचा बेसॉल्ट दगड कोरीव कामाला इतका योग्य मानला जाई की, जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिका (१५९४ ते १६०५) हिच्या दर्शनी भागातील नक्षीकामासाठी तो समुद्रमार्गे गोव्याला नेण्यात आला. गोव्यातील जांभ्या दगडावर अशी बारीक कोरणी टिकत नाही. याचा अर्थ असा की, पोर्तुगीज पूर्वेच्या राजधानीतील एका प्रमुख वास्तूचे सौंदर्य उत्तर कोकणातील खाणींवर अवलंबून होते. हा दगड खाणीतून काढणारे, तासणारे व गलबतावर चढवणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न वास्तूच्या इतिहासाचाच भाग आहे.

३. ‘कॅथेड्रल’ या नावाचा प्रश्न

वसई किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चचे भग्नावशेष पर्यटक-पुस्तिकांत ‘कॅथेड्रल’ म्हणून ओळखले जातात. वास्तविक कॅथेड्रल म्हणजे ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते चर्च. पोर्तुगीज काळात वसईला बिशप नव्हता. हा प्रदेश गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकारात होता. सेंट जोसेफ हे वसईचे ‘मात्रिझ’, म्हणजे मुख्य मातृचर्च होते. हा भेद केवळ पारिभाषिक नाही. कॅथेड्रल म्हटले की सत्ताकेंद्राची प्रतिमा उभी राहते, तर मात्रिझ म्हटले की एका वस्तीच्या बाप्तिस्म्यांची, विवाहांची व दफनांची नोंद ठेवणारी वास्तू डोळ्यांसमोर येते. वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला आणि पापडी येथील चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. हे चर्च किल्ल्याच्या बाहेर आहे आणि ते वापरात आहे. म्हणजे ज्या वास्तूला लोक कॅथेड्रल म्हणतात ती कधी कॅथेड्रल नव्हती, आणि जी कॅथेड्रल आहे तिच्याकडे वारसाप्रेमींचे लक्ष फारसे जात नाही. भग्न वास्तू इतिहासाच्या खात्यात आणि जिवंत वास्तू धर्माच्या खात्यात, अशी ही विभागणी आहे.

सेंट जोसेफच्या दर्शनी भागावरील पोर्तुगीज लेखात १६०१ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस आणि व्हिकार पेद्रु गाल्व्हांव पेरैरा यांच्या कारकिर्दीत या मातृचर्चचे नूतनीकरण झाल्याची नोंद आहे. मेनेझिस हे नाव महत्त्वाचे आहे. केरळमधील प्राचीन ख्रिस्ती समाजाला रोमच्या शिस्तीखाली आणणारी उदयंपेरूरची धर्मसभा त्यांनीच १५९९ मध्ये घेतली होती. म्हणजे वसईचे हे नूतनीकरण त्या धर्मसभेनंतर अवघ्या दोन वर्षांनी झाले. पूर्वेकडील चर्चला एकरूप व एकशिस्त करण्याच्या काळातले हे बांधकाम आहे, असे म्हणता येईल. लेखात अधिकाऱ्यांची नावे आहेत, वर्ष आहे, वास्तूचा दर्जा आहे. गवंड्याचे, पाथरवटाचे वा सुताराचे नाव नाही. जवळच्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळाही पोर्तुगीज उमरावांच्या नावांनी भरलेल्या आहेत. किल्ल्यातील दगड बोलतो तो एकाच वर्गाविषयी व एकाच भाषेत.

४. जुन्नरचे दानलेख : एक तुलना

या ठिकाणी जुन्नरच्या लेण्यांकडे पाहणे उपयुक्त ठरते. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा व शिवनेरी या डोंगरांतील लेणी मोजली तर त्यांची संख्या दोनशेहून अधिक भरते. त्यांतील ब्राह्मी लेखांत परकीय दाते भेटतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने गर्भद्वार दिले. धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींचे उल्लेखही येतात.

या लेखांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, परकीय दाता येथे आला तेव्हा त्याने येथील संघाला, येथील भाषेत व येथील वास्तुपद्धतीत दान दिले. त्याचे यवनत्व त्याच्या नावाबरोबर नोंदले गेले. पण ते वास्तूच्या घडणीवर लादले गेले नाही. दुसरी, दात्यांमध्ये राजाबरोबर व्यापारी व कारागीरही आहेत. वसईच्या लेखांत या दोन्ही गोष्टींचा अभाव आहे. तेथे परकीय हा दाता नसून शासक आहे, आणि वास्तू ही अनेकांच्या दानातून नव्हे तर राजाज्ञा, महसूल व धर्मसंघ यांच्या आधारे उभी राहिली आहे.

तथापि या तुलनेतून जुन्नर म्हणजे सहिष्णुता आणि वसई म्हणजे जुलूम असा सरळ निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. जुन्नरच्या लेखांतही लेणे प्रत्यक्ष कोरणाऱ्या पाथरवटापेक्षा खर्च करणारा दाता ठळक आहे. कारागिराचे श्रम झाकून दात्याचे नाव पुढे येणे ही दोन्हीकडील प्रथा आहे. शिवाय वास्तूचा धर्म बदलणे ही जुन्नरलाही अपरिचित गोष्ट नाही. लेण्याद्रीच्या सातव्या क्रमांकाच्या बौद्ध विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान आहे. हजारो भाविक पायऱ्या चढून तेथे जातात आणि ती जागा मूळची भिक्षूंच्या निवासाची होती यामुळे त्यांच्या श्रद्धेला बाधा येत नाही. मंडपेश्वर व लेण्याद्री यांत मोठा फरक आहे. मंडपेश्वरचा बदल जिंकणाऱ्या सत्तेच्या बळावर झाला. लेण्याद्रीचा बदल बौद्ध वस्ती संपल्यानंतरच्या काळात झाला. हा फरक नोंदवलाच पाहिजे. परंतु धर्मवास्तू एकाच धर्माची, एकाच काळाची व एकाच समाजाची असते, ही समजूत दोन्ही उदाहरणांत टिकत नाही.

५. शब्दांतील चर्च आणि दगडातील चर्च

वसईच्या वास्तू परकीय म्हणून बाजूला ठेवण्याच्या भूमिकेला मराठी साहित्याचा इतिहासच एक अडचण निर्माण करतो. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आज मराठी वाङ्मयेतिहासात मानाने समाविष्ट केला जातो व विद्यापीठांत अभ्यासला जातो. तो ज्या सत्तेच्या छत्राखाली, ज्या धर्मसंघात व ज्या हेतूने लिहिला गेला, त्याच सत्तेच्या छत्राखाली, त्याच संघांनी व त्याच हेतूने वसईच्या वास्तू उभारल्या. मग ग्रंथ आपला व वास्तू परकी, हा निवाडा कोणत्या निकषावर?

याचे एक समर्थनीय उत्तर आहे. स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली, पुराणाची रचना स्वीकारली, मराठी श्रोत्याच्या कानाला ओळखीचे रूप स्वीकारले. वसईच्या वास्तुकारांनी दर्शनी भिंत, खांबांची मांडणी, अर्धगोल छत व मनोरा ही इबेरियन परंपराच ठेवली. शब्दांत झालेले स्थानिकीकरण दगडात झाले नाही. हा आक्षेप मान्य करूनही असे विचारावे लागते की, वास्तूचे स्थानिकत्व केवळ तिच्या बाह्य शैलीवरून ठरवावे काय? दगड, कारागीर, उपासक व प्रदेश हे घटक त्यात धरायचे की नाहीत?

चीनमधील उदाहरणे या प्रश्नावर प्रकाश टाकतात. मकाव येथील सेंट पॉल चर्च १६०२ ते १६४० या काळात जेझुइटांनी उभारले. त्याचा आराखडा इटालियन जेझुइट कार्लो स्पिनोला यांच्या नावावर आहे. बांधकामात जपानमधून आलेले ख्रिस्ती कारागीर व स्थानिक चिनी कारागीर होते. १८३५ च्या आगीनंतर उरलेल्या त्याच्या दर्शनी भिंतीवर लॅटिनबरोबर चिनी अक्षरांतील लेख आहेत. सेंट जोसेफ व सेंट पॉल ही दोन्ही चर्चे एकाच पोर्तुगीज धर्मव्यवस्थेतील व जवळजवळ एकाच पिढीतील आहेत. तरीही एकाच्या भिंतीने स्थानिक वाचकाला उद्देशून काही लिहिले आणि दुसऱ्याच्या भिंतीने फक्त राज्यकर्त्यांच्या भाषेत लिहिले. मकाव येथे पोर्तुगीज हे चिनी साम्राज्याच्या कडेला, त्याच्या मर्जीने राहत होते. वसईत ते स्वतःच शासक होते. भिंतीवरील भाषेमागे सत्तेचे हे गणित असावे, असा तर्क करता येतो. वसईचा या पूर्वेकडील जगाशी संबंध दूरचा नव्हता. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झाले व १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. स्पिनोला यांनाही त्याच नागासाकीत १६२२ मध्ये हौतात्म्य आले.

ग्वांगझू येथील सेक्रेड हार्ट कॅथेड्रल हे नंतरच्या काळातील उदाहरण होय. दुसऱ्या अफू युद्धात उद्ध्वस्त झालेल्या चिनी प्रांताधिपतीच्या निवासाच्या जागेवर फ्रेंच धर्मप्रसारकांनी १८६३ ते १८८८ या काळात ते ग्रॅनाइटमध्ये बांधले. त्याची गॉथिक शैली पूर्णतः फ्रेंच आहे आणि त्याची जागा उघडपणे लष्करी विजयाची आहे. पण त्याच्या बांधणीच्या इतिहासात त्साय श्याव या चिनी पाथरवटाचे नाव सांगितले जाते. परकीय आराखडा चिनी कारागिरांना समजावून देऊन काम तडीस नेण्याचे श्रेय त्याला दिले जाते. अपमानाच्या जागेवर उभी राहिलेली वास्तूही अशा एका नावामुळे स्थानिक स्मृतीचा भाग होऊ शकते. वसईच्या बाबतीत असे एकही नाव परंपरेने जपले नाही, ही उणीव दगडाची नसून लेखनाची आहे.

दृश्यकलेत असा पूल बांधण्याचा प्रयत्न पुढे विसाव्या शतकात पुण्यातच झाला. गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या सान्निध्यात साडी नेसलेली मरिया व भारतीय परिसरातील ख्रिस्त रंगवला. स्टीफन्स यांनी ओवीत जे केले ते रंगरेषांत येण्यास तीन शतके लागली.

६. १७३९ नंतर : घंटेचा प्रवास

चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखालील दीर्घ व रक्तक्षयी वेढ्यानंतर मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेच्या धर्माचरणाला मोकळीक होती. मोहिमेपूर्वी बोललेल्या नवसाच्या पूर्तीसाठी वज्रेश्वरीचे मंदिर बांधले गेले. किल्ल्यातील चर्च ओस पडली व कालांतराने त्यांची छपरे गेली. घंटा मात्र घाटावर आल्या. भीमाशंकरखेरीज वाईजवळील मेणवली, पुण्याचे ओंकारेश्वर, शिरूरचे रामलिंग ही स्थाने या संदर्भात सांगितली जातात. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल असून बाळ येशूसह मरियेची आकृती आहे.

या घंटा विजयचिन्हे होत्या यात शंका नाही. पण विजयचिन्ह म्हटले म्हणजे त्यांचा अर्थ संपतो असे नाही. घंटा वितळवून तिचा धातू तोफेसाठी वा भांड्यांसाठी वापरता आला असता. तसे न करता ती देवाला अर्पण केली गेली. मेणवलीच्या घंटेवरील मरियेची आकृती घासून काढली गेली नाही. पवित्र वस्तू पवित्र स्थानीच जावी, ही भावना या कृतीमागे असावी असे मानण्यास जागा आहे. जिंकलेल्याची वस्तू आपल्या देवापुढे ठेवणे यात अधिकाराची भावना आहे, आणि ती वस्तू न मोडता ठेवणे यात तिच्या प्रतिष्ठेची कबुलीही आहे. या दोन्ही भावना एकाच वेळी असू शकतात.

घंटेच्या कार्यातही बदल झाला. चर्चच्या मनोऱ्यातील घंटा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाने, साऱ्या वस्तीसाठी वाजवायची असते. प्रार्थनेची वेळ, विवाह, मृत्यू व संकट यांची वार्ता ती देते. देवळातील घंटा प्रत्येक भाविक स्वतःच्या हाताने, आपल्या येण्याची जाणीव देवाला देण्यासाठी वाजवतो. वसईत जिचा आवाज वस्तीचे दिवसमान ठरवत होता, ती घंटा सह्याद्रीत व्यक्तीच्या दर्शनाचा भाग झाली. ज्या वस्तीला तिच्या आवाजाची सवय होती तिचे काय झाले, हा प्रश्न मात्र विजयाच्या वर्णनात सुटून जातो.

ती वस्ती संपली नव्हती. वसई परिसरातील ख्रिस्ती शेतकरी, कोळी व कारागीर तेथेच राहिले. किल्ल्याबाहेरील गावांतील चर्च त्यांनी जपली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) त्यांची उपासना मराठीत होऊ लागली. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. किल्ल्यातील पोर्तुगीज लेखांत ज्यांना स्थान नव्हते, त्यांचे वंशज मराठीतच लिहीत आहेत. त्यामुळे चर्चवास्तू ही केवळ गेलेल्या सत्तेची मालमत्ता होती, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही.

७. इतिहासलेखनाची मर्यादा

या विषयावरील लेखनात स्थूलमानाने तीन प्रवाह दिसतात. पहिला पुरातत्त्वीय वर्णनाचा. मुंबईस्थित गोमंतकीय वैद्य जे. जेर्सन द कुन्हा यांचा चौल व वसई यांवरील ग्रंथ (१८७६) हा या प्रवाहाचा पाया होय. शिलालेख, थडगी, चर्च व मठ यांच्या नोंदींसाठी तो आजही उपयुक्त आहे. परंतु वास्तूचा इतिहास म्हणजे तिच्यावरील लेखांत ज्यांची नावे आहेत त्यांचा इतिहास, ही मर्यादा या पद्धतीतच आहे. दुसरा प्रवाह मोहिमेच्या इतिहासाचा. य. न. केळकर यांचे ‘वसईची मोहीम’ हे या प्रवाहातील परिचित पुस्तक होय. तेथे केंद्रस्थानी वेढा आहे. साहजिकच वसईचे दोनशे वर्षांचे नागरी जीवन पार्श्वभूमीपुरते येते. तिसरा प्रवाह राजकीय संबंधांचा. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दफ्तराच्या आधारे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ (१९६७) हा ग्रंथ सिद्ध करून मराठी अभ्यासकाला नवे साधन उपलब्ध करून दिले. त्यातून तह, पत्रव्यवहार व युद्धे यांचे चित्र स्पष्ट होते.

या तिन्ही प्रवाहांचे मोल वादातीत आहे. प्रश्न त्यांच्या उणिवांचा नसून त्यांच्यामधील रिकाम्या जागेचा आहे. पहिल्यात वास्तू आहे पण तिचे श्रम व समाज नाहीत. दुसऱ्यात माणसे आहेत पण ती सैनिक म्हणून. तिसऱ्यात दोन सत्ता आहेत पण त्यांच्यामध्ये राहणारी प्रजा अंधुक आहे. चर्च कोणाच्या श्रमाने उभे राहिले, त्याचा खर्च कोणाच्या शेतसाऱ्यातून भागला, बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांनी ते आपले कसे मानले, हे प्रश्न अजून मराठीत पुरेशा गांभीर्याने मांडले गेलेले नाहीत.

याचे एक कारण भाषेचे आहे. पोर्तुगीज साधने वाचणारे मराठी अभ्यासक मोजकेच आहेत. दुसरे कारण दृष्टीचे आहे. धर्मांतराच्या इतिहासातील जबरदस्ती मान्य केली की वास्तूचे मोल मान्य करता येत नाही आणि वास्तूचे मोल मान्य केले की जबरदस्ती सौम्य करावी लागते, असा अकारण पेच निर्माण केला जातो. १५४६ ची राजाज्ञा, मशिदींचा महसूल व मंडपेश्वरचा ताबा हे पुरावे लपवण्याची गरज नाही. ते मांडूनही वसईच्या पाथरवटाचे कसब व तेथील ख्रिस्ती शेतकऱ्याची श्रद्धा यांचा इतिहास लिहिता येतो. किंबहुना ते पुरावे मांडले नाहीत, तर या पाथरवटाने कोणत्या परिस्थितीत काम केले हेही समजणार नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. वसईची चर्चवास्तू आराखड्याने परकीय असली तरी द्रव्य, श्रम व उपासक या दृष्टीने ती उत्तर कोकणाची आहे. तिच्या उभारणीत राज्यसत्तेचे बळ होते व त्याचा स्पष्ट उल्लेख आवश्यक आहे. ‘ख्रिस्तपुराणा’ला मराठी परंपरेत स्थान देणाऱ्या अभ्यासाने या वास्तूंचा विचार टाळणे सुसंगत नाही. भीमाशंकर, मेणवली व नाशिक येथील घंटा या विजयचिन्हांबरोबरच बांधणीइतिहासाची साधनेही आहेत.

या दृष्टीने काही कामे जुन्नर-आंबेगाव परिसरातील महाविद्यालयांनाही करता येण्यासारखी आहेत. पुणे जिल्ह्यातील देवस्थानांत असलेल्या पोर्तुगीज घंटांची मापे, त्यांवरील लेख, साल व आकृती यांची पद्धतशीर नोंद देवस्थानांच्या संमतीने इतिहास, मराठी व रसायनशास्त्र विभागांना एकत्रितपणे करता येईल. धातूच्या मिश्रणाचा अभ्यास, अक्षरांचे वाचन व स्थानिक आख्यायिकांचे संकलन हे एकाच प्रकल्पाचे भाग होऊ शकतात. अशा नोंदी वसईतील चर्चच्या दप्तरांशी ताडून पाहिल्यास कोणती घंटा कोणत्या मनोऱ्यातील हे काही प्रमाणात निश्चित होण्याची शक्यता आहे. जुन्नरच्या लेण्यांतील यवन दात्यांची नावे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात, कारण ती कोणीतरी कोरली आणि पुढे कोणीतरी वाचली. वसईच्या वास्तूंवर कारागिरांची नावे कोरली गेली नाहीत. त्यामुळे त्यांच्या कामाचा शोध दगडातून, धातूतून व दप्तरांतून घेण्याची जबाबदारी अभ्यासकांवर येते.